सूर्य बुडाल्यावर निघू नकोस

महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवर सूर्याचं बिंब दिसेनासं झालं रे झालं, की पाच मिनिटांत सगळी माणसं गाड्यांकडे वळतात. मग हॉर्न, शिट्ट्या आणि घाटात लागलेली रांग. तू मात्र जागची हलू नकोस, हा माझा पहिला कानमंत्र. बिंब मला कधी फारसं भुलवत नाही. रोज गोल आणि रोज तांबडं. पाहण्यासारखा ऐवज हवेत असतो, आणि तो दिसायला सूर्य आधी वाटेतून बाजूला व्हावा लागतो.

आता घड्याळाचं ऐक. तू बघतेस त्या व्हिडिओंत ‘ब्लू अवर’, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या निळ्या उजेडाचा तास, म्हणून जे सांगतात, ते बहुतेक उत्तरेकडच्या थंड देशांतल्या लोकांनी सांगितलेलं असतं. तिकडे सूर्य क्षितिजाला घासत तिरका उतरतो. लंडनला जूनमध्ये तर तो मध्यरात्रीही १८ अंश खाली जात नाही, त्यामुळे तिथं त्या दिवसांत पुरती काळी रात्र होतच नाही. आपल्याकडे तो जवळजवळ सरळ खाली जातो. मावळल्यापासून ६ अंश खाली जाईपर्यंतचा वेळ, म्हणजे मोकळ्यावर दिव्याशिवाय पेपर वाचता येतो तोवरचा, महाराष्ट्रात जेमतेम २२ ते २४ मिनिटांचा. आणि १८ अंशांपर्यंत, म्हणजे उजेडाचा शेवटचा मागमूस पुसला जाईपर्यंत, सव्वा तासाच्या आगेमागे. त्यामुळे तासभर हाताशी आहे असं समजून रमतगमत ट्रायपॉड उघडायला गेलीस, तर पाय लावून होईस्तोवर निम्मा कार्यक्रम उरकलेला असेल. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी सगळं मांडून मोकळी हो. किती वेळ उरलाय ते बघायला घड्याळही नको. हात सरळ पुढे ताणून धरायचा आणि क्षितिज ते सूर्य यांच्यात किती बोटं मावतात ते मोजायचं. एक बोट म्हणजे साधारण दोन अंश, म्हणजे आठ मिनिटं. सूर्य प्रखर असेल तर डोळे बारीक करून त्याच्याकडे टक लावू नकोस, बोटांच्या कडेनं अंदाज घे.

बिंब बुडालं की पाठ फिरव. होय, पश्चिमेकडे पाठ. पहिल्या दहा मिनिटांत चांगलं ते पूर्वेला घडतं आणि तिकडे कुणी बघत नाही. क्षितिजाला चिकटून एक निळसर-करडा पट्टा वर येताना दिसेल. पुष्कळांना तो दूरचा ढग किंवा धुरकं वाटतं. ती पृथ्वीची सावली आहे, आपल्याच पृथ्वीची, हवेवर पडलेली. तिच्या डोक्यावर गुलाबी कमान असते. तिला शुक्राचा पट्टा म्हणतात, पण शुक्र ग्रहाशी तिचं काही देणंघेणं नाही. हवेतून लांबची वाट कापून आलेल्या उन्हातला निळा वाटेतच विखुरला जातो, उरलेला तांबूस उजेड पूर्वेच्या हवेवर पडतो आणि तिथून उलटा आपल्या डोळ्यांकडे येतो. सूर्य जितका खाली, तितकी सावली वर. सावली एक मूठभर, म्हणजे दहाएक अंश चढली की तिची कड विरघळते आणि मग कितीही शोधलंस तरी सापडत नाही.

म्हणून मी पाचगणीच्या टेबललँडला इतकं मानते. जांभ्याचं सपाट पठार, दोन्ही बाजू उघड्या. महाबळेश्वरच्या अंगाला सूर्य मावळतो आणि वाईच्या बाजूनं सावली चढते. जागा न बदलता नुसती गिरकी घ्यायची. एक लक्षात ठेव. सावलीचा मधला भाग सूर्याच्या बरोबर समोर असतो. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो, तेव्हा सावली ईशान्येकडे कललेली शोध. जूनमध्ये उलट, आग्नेयेकडे. आणि उंचीचा एक फायदा आहे. मोकळं क्षितिज असेल तर १,३०० मीटरवरून सूर्य समुद्रसपाटीपेक्षा चारपाच मिनिटं उशिरा मावळतो. खाली दरीत दिवे लागलेले असतात आणि तुझ्या बोटांवर अजून ऊन असतं. हा फरक एकाच चौकटीत पकडता आला तर बघ. मला तो बिंबाच्या शंभर फोटोंपेक्षा मोलाचा वाटतो.

चंद्राचा फोटो हवा असेल तर कालनिर्णयात पौर्णिमा बघ आणि तिच्या आदल्या दिवशी जा. पौर्णिमेचा चंद्र उगवतो तो सूर्य मावळायच्या सुमाराला. तो नीट वर येईपर्यंत आकाश काळं होतं, आणि मग एक तर चंद्र पांढराफटक होतो नाहीतर डोंगर काळेकुट्ट. आदल्या दिवशी तो सूर्यास्ताआधी पाऊण तास तरी आलेला असतो, त्यामुळे गुलाबी कमान चढते तेव्हा तिच्यातच किंवा थोडा वर असतो. आकाश आणि चंद्र दोघांचा उजेड त्या वेळी जुळता असतो, एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही निघतं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हेच पहाटे पश्चिमेला करता येतं.

पहाटेवरून आठवलं. कोकणकड्यावर सगळे सूर्यास्ताला जातात, रात्री तंबूत गप्पा मारतात आणि तांबडं फुटायच्या वेळी घोरत पडलेले असतात. हरिश्चंद्रगडाचा तो कडा पश्चिमेला उघडा आहे. पहाटे पृथ्वीची सावली तिथं समोर, कोकणावर खाली खाली बुडताना दिसते. संध्याकाळचीच फिल्म उलटी फिरवल्यासारखी. कड्याच्या टोकाशी जाऊ नकोस, आडवी पडूनही नको. चार पावलं मागून फोटोत काही कमी होत नाही.

पूर्वेचं आटपलं की पश्चिमेकडे वळ. बिंब बुडून बारातेरा मिनिटं झाली की मावळतीच्या पिवळ्या-केशरी पट्ट्यावर, क्षितिजापासून साधारण वीतभर उंच, जांभळट-गुलाबी झाक उगवते. हात ताणून पसरलेली वीत म्हणजे २० अंश, तेवढी उंची. चारसहा मिनिटं टिकते. रोज दिसत नाही, आणि दिसते तेव्हाही इतकी हलकी असते की मोबाइलचा पडदा डोळ्यांसमोर धरलेल्या माणसाला तिचा पत्ता लागत नाही. पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवर धुळीचे आणि गंधकाम्लाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. खाली आपल्याकडे सूर्य नसला तरी त्यांच्यावर तांबडं ऊन पडत असतं. तो तांबडा आणि मागच्या आकाशाचा निळा मिळून जांभळा.

एखादा मोठा ज्वालामुखी फुटला, की हाच जांभळा आकाशभर पसरतो. क्राकाटोआ २७ ऑगस्ट १८८३ ला फुटला. त्यानंतर सप्टेंबरात मद्रासेकडे आणि सिलोनमध्ये लोकांनी हिरवट-निळा सूर्य पाहिला. लंडनमध्ये विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सच्या काठी उभा राहून संध्याकाळमागून संध्याकाळ रंगीत खडूंनी आकाश उतरवत होता. रंगीत फोटो तेव्हा कुणाच्या हाती नव्हता. त्याच्या चित्रांवर वेळा टिपलेल्या होत्या, म्हणून रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात ती पुराव्यासारखी वापरता आली. पिनाटुबो फुटला १५ जून १९९१ ला, आणि पुढे दोनेक वर्षं जगभर मावळती जांभळ्या होत राहिल्या. यापुढे कुठं मोठा स्फोट झाल्याची बातमी आली, की राखेमुळे विमानांचं काय झालं ते वाचून पेपर बाजूला ठेवू नकोस. काही आठवड्यांनी आपल्या गच्चीवरून पश्चिमेला बघायला लाग.

आणि त्या अ‍ॅस्क्रॉफ्टसारखी वही ठेव. साधी, खिशात मावेल अशी. फोटोत वेळ आपोआप येते हे मला ठाऊक आहे, पण वहीत काय लिहायचं ते वेगळं. आधी डोळ्यांनी पाहिलेला रंग, मग फोटो. ‘मावळतीला लिंबाइतका पिवळा, वर चिंचेच्या फुलासारखा, पूर्वेला पारव्याच्या मानेचा’ असं तुला जे सुचेल ते. फोटोत मागाहून रंग चढवता येतो, आणि वही नसली की महिन्यानं आपण काय पाहिलं आणि काय चढवलं यातला फरक आपल्यालाच सांगता येत नाही. शिवाय ढग कुठल्या बाजूला होते, वारा कुठून होता, पाऊस कधी पडून गेला, तेही दोन शब्दांत. चारसहा महिने असं लिहिलंस की दुपारी आकाश बघूनच संध्याकाळ कशी होणार ते तुला कळायला लागेल.

तेवढ्यासाठी थोडी शिदोरी मीही देते. ढग नसलेलं आकाश शुद्ध रंगांसाठी चांगलं. पृथ्वीची सावली आणि तो जांभळा बघायचा तर असंच आकाश हवं. पण आकाश पेटलेलं हवं असेल तर उंचावरचे विरळ, पिंजलेले ढग डोक्यावर हवेत आणि पश्चिमेचं क्षितिज मोकळं हवं. दोन्ही अटी महत्त्वाच्या. पश्चिमेला दूरवर, तुला दिसतही नाही अशा ठिकाणी ढगांची भिंत असली तर खालून येणारा उजेड तिथंच अडतो आणि डोक्यावरचे सुंदर ढग तसेच राखाडी होऊन जातात. दोन किलोमीटर उंचीचा ढग सूर्यास्तानंतर चारपाच मिनिटांत विझतो. दहा किलोमीटरवरचा दहाबारा मिनिटं तग धरतो. म्हणून ‘आज काही रंग नाही’ असं पाचव्या मिनिटाला म्हणू नये. खालचे विझले की वरचे पेटतात.

ऋतूंचं म्हणशील तर माझी आवड सरळ आहे. परतीचा पाऊस पडून गेल्यावरची ऑक्टोबरातली संध्याकाळ पहिली. पावसानं हवा धुतलेली असते आणि उंच ढग अजून रेंगाळत असतात. दुसरी, मृगाच्या आधीचा पंधरवडा. वळवाचे ढग पूर्वेला उभे आणि पश्चिमेला फट. त्या फटीतून आलेलं ऊन ढगाच्या भिंतीवर पडतं ते बघ. कधी ढगांच्या सावल्यांच्या रेघा मावळतीपासून निघून सगळं आकाश ओलांडतात आणि पूर्वेला एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. त्या खरं तर समांतर असतात. रेल्वेचे रूळ लांबवर मिळालेले दिसतात तोच प्रकार.

डिसेंबर-जानेवारीत लोक थंडीच्या नावानं डोंगरावर जातात, पण रंगांच्या दृष्टीनं तो काळ बेताचाच. धुरकं खाली दबून बसतं, त्यात उसाच्या फडांत पाचट जाळलेलं असतं. धुरानं आकाश लाल होतं हा समज अर्धाच खरा आहे. सूर्याचं बिंब लाल होतं, पण आकाश मात्र मळकट राहतं. हवेचे रेणू निळा आणि तांबडा वेगळा करतात. धुळीचे मोठे कण सगळ्या रंगांना सारखंच विखुरतात आणि रंग पातळ होतो. मुंबईत तर हिवाळ्यात सूर्य क्षितिजाच्या बोटभर वरच धुरक्यात गायब होतो. त्या दिवशी घरी बसून चहा प्यायला हरकत नाही.

वेळापत्रकाचं एक गंमतशीर गणित सांगते, कारण भूगोल शिकवलेल्या बाईला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिवस सर्वांत लहान असतो डिसेंबरच्या २१-२२ ला, पण मुंबईत सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरीस. दिवाळीनंतर ऑफिसातून निघून बॅण्डस्टँड गाठायचा तर हिशेब त्याप्रमाणे कर. आणि नागपूरच्या मावशीला ‘आत्ता बघ’ म्हणून फोन करशील तेव्हा तिथं सूर्य पंचवीसएक मिनिटं आधीच मावळलेला असेल. घड्याळ एक, आकाशं दोन.

आता कॅमेरा. यात तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, तरी चार गोष्टी ठरवून टाक. पहिली, व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर कधीही नको. ऑटोला केशरी रंग म्हणजे बिघाड वाटतो आणि तो इमानेइतबारे दुरुस्त करून टाकतो. सूर्याच्या चिन्हावर, ५,२०० ते ५,५०० केल्व्हिनच्या आसपास, ठेव आणि पूर्ण संध्याकाळ हलवू नकोस. मग पहिल्या आणि शेवटच्या फोटोची तुलना करता येते. अगदी अंधारताना या सेटिंगवर फोटो डोळ्यांना दिसतो त्याहून निळा येतो, कारण डोळे हळूहळू निळ्याला सरावतात. रॉ फाइल असेल तर घरी थोडा आकडा वाढवून तो निळा उतरवता येतो. रॉच घे. मागाहून उघडलेली आठ बिटांची जेपेग आकाशाच्या सावकाश बदलणाऱ्या छटांचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे करून टाकते. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फोटोत तर ते हमखास.

दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्यास्तापासून त्या बावीस मिनिटांत उजेड शंभर पटींहून जास्त घटतो, म्हणजे सुमारे सात स्टॉप. दर तीन मिनिटांना निम्मा. हे डोळ्यांना जाणवत नाही, डोळे स्वतःला सावरून घेतात. कॅमेरा मॅन्युअलवर असेल तर दर तीन मिनिटांनी एक स्टॉप शटर हळू करायचं, एवढं डोक्यात ठेव. आयएसओ शंभर-दोनशेच राहू दे, ट्रायपॉड कशाला आणलाय.

तिसरी, पश्चिमेकडे मोजमाप आकाशाचं घे, सूर्य चौकटीबाहेर ठेवून. आणि हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघ. एकत्र आलेख व्यवस्थित दिसतो आणि आतला तांबडा मात्र भरून ओसंडलेला असतो. मग केशरी ढगाच्या जागी सपाट पिवळा ठिपका येतो, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही. पाऊण-एक स्टॉप काळोखा घेतलेला बरा. पूर्वेकडे मात्र उलट. तिथं भडक काहीच नसतं, व्यवस्थित उजळ घे.

चौथी, पूर्वेसाठी वाइड लेन्स काढू नकोस. सावली आणि कमान मिळून दहापंधरा अंशांची. सोळा मिलिमीटरच्या लेन्सनं ती चौकटीच्या तळाशी एक फीत होऊन बसते. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर पन्नास मिलिमीटरची लेन्स आडवी धरली की उभ्यात २७ अंश येतात, म्हणजे कमान अर्धी चौकट व्यापते. फार रुंद हवं असेल तर चारपाच फोटो जोडून पॅनोरमा कर, एक्स्पोजर कुलूपबंद ठेवून. पोलरायझर घरी ठेव. सूर्यास्ताला आकाशाचं ध्रुवण उत्तर-दक्षिण रेषेत, डोक्यावर सर्वांत जास्त असतं. वाइड लेन्सवर तो फिल्टर लावलास तर माथ्यावर एक काळा डाग येईल आणि तू त्याला ढग समजशील.

मोबाइलवर घेत असशील तर नाइट मोड बंद. तो सांजेची दुपार करून टाकतो. आकाशावर बोट दाबून धर, कुलूप पडलं की बोट खाली ओढून उजेड कमी कर. आणि एक अट माझी, सल्ला नव्हे. आरशाच्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे बघायचं नाही, तो कितीही लाल आणि निरुपद्रवी दिसो. मागच्या पडद्यावर बघ. नुसत्या डोळ्यांनीही टक लावलीस तर बिंबाची हिरवी-जांभळी भुतं डोळ्यांत दहा मिनिटं नाचतात आणि नेमके तेच नाजूक रंग ओळखता येत नाहीत.

डोळ्यांच्या दोन युक्त्या आहेत. मुठीची नळी करून तिच्यातून आकाशाचा एक तुकडा बघ. आजूबाजूचे रंग झाकले गेले की त्या तुकड्याचा खरा रंग कळतो. करडा वाटत होता तो हिरवट निघतो. दुसरी जरा अघळपघळ आहे. वाकून दोन पायांमधून उलटं बघायचं. रंग एकदम गडद दिसतात. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिनार्ट यांनी उघड्यावरच्या प्रकाशाविषयी लिहिलेल्या पुस्तकात ही युक्ती दिली आहे. टेबललँडवर घोडेवाले हसतील, हसू देत. साडी असेल तर मात्र मान वाकडी करून भागव.

माथ्यावरचा निळा मात्र शेवटपर्यंत बघत राहा. त्याचं कारण दिवसाच्या निळ्याहून वेगळं आहे. १९५३ मध्ये एडवर्ड हलबर्ट यांनी गणितानं दाखवलं, की संधिप्रकाशातल्या माथ्याच्या निळ्यात मोठा वाटा ओझोनचा असतो. तिरप्या आलेल्या उन्हाला ओझोनच्या थरातून फार लांब जावं लागतं आणि ओझोन त्यातला केशरी-पिवळा शोषून घेतो. ओझोन नसता तर सांजेचं माथ्यावरचं आकाश पिवळट दिसलं असतं.

बिंब बुडताना दिसणाऱ्या हिरव्या लकाकीबद्दल तू विचारलं होतंस. समुद्राचं धारदार क्षितिज हवं, कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यानंतरचं स्वच्छ, आणि बिंबाची शेवटची कड उरेपर्यंत तिकडे बघायचं नाही. दिसली तर दिसली. तिच्यामागे लागून पूर्वेची सावली चुकवू नकोस.

राहिलं एकच. फेब्रुवारी-मार्चमधल्या, चंद्र नसलेल्या रात्री, सव्वा तास उलटून संधिप्रकाश पुरता गेल्यावर पश्चिमेला एक फिकट उजळ सुळका उभा दिसतो, क्षितिजापासून वर निमुळता होत गेलेला. गावचे दिवे नव्हेत आणि उशिरा रेंगाळलेली सांजही नव्हे. ग्रहांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडलेलं ऊन आहे ते. पाचगणीत आता हॉटेलांच्या दिव्यांत तो बुडतो, कोयनेच्या अंगाला किंवा भंडारदऱ्याकडे जा. ऑक्टोबरात तोच पहाटेआधी पूर्वेला येतो. तेव्हा मात्र वाइड लेन्स काढ, अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, आयएसओ ३,२०० पर्यंत ने आणि वीस सेकंदं शटर उघडं ठेव. टॉर्च लाल कागद लावलेला घे, आणि मोबाइल पिशवीत टाक, बंद करून.